संध्याकाळचा खाऊ

गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरीला होते आणि राहायला डोंबिवलीला. सकाळी धावतपळत लोकल गाठायची आणि संध्याकाळी सातच्या सुमारास गर्दीतून चेंगरून बाहेर पडायचं, हा रोजचाच पाठ. मुलगा चार वर्षांचा. तो दिवसभर आमच्याच गल्लीतल्या एका काकूंच्या पाळणाघरात. स्टेशनबाहेर पडलं की माझे पाय आपोआप एका दुकानाकडे वळायचे. कधी चॉकलेट, कधी क्रीमची बिस्किटं, कधी गोळ्यांची पुडी. रिकाम्या हातानं घरी जायला मन धजायचं नाही. दिवसभर लेकराला दुसऱ्याच्या दारात ठेवलं, निदान एवढं तरी न्यावं!

एके दिवशी ते दुकान बंद होतं. मी तशीच पाळणाघरात गेले. चिरंजीव धावत आले, माझ्या खांद्यावरची पर्स ओढली, चेन उघडली, आत हात घालून चाचपून पाहिलं आणि भोकाड पसरलं. काकू हसत म्हणाल्या, "अहो, हा आईची कुठे वाट बघतो? पर्सची बघतो!"

त्यांनी थट्टाच केली होती, पण ते शब्द माझ्या काळजात रुतले. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी आठवून पाहिलं. मी आल्याबरोबर तो नुसता 'आई' म्हणून शेवटचा कधी बिलगला होता? काही केल्या आठवेना.

इतक्या वर्षांनी हे सांगायचं कारण म्हणजे माझी भाची.

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस मी तिच्याकडे इंदूरला राहून आले. भाची बँकेत आहे, जावई पिथमपूरच्या एका कारखान्यात. लेक सव्वाचार वर्षांची. आपण तिला छकुली म्हणू. ती सकाळी शाळेत जाते आणि दुपारपासून झूलाघरात. तिकडे पाळणाघराला झूलाघर म्हणतात. घर नीटनेटकं, दोघांचे पगार चांगले, छकुलीच्या खेळण्यांनी एक कपाट भरलेलं. पाहून बरं वाटलं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता छकुली किंचाळत उठली. गाल सुजलेला, दाढ ठणकत होती. लवंगेचं तेल लावून, मांडीवर घेऊन कशीबशी रात्र काढली. सकाळी भाचीनं रजा टाकली आणि आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. छकुलीच्या वीस दातांपैकी सहा किडलेले होते. एका दाढेत पू झाला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "रात्री झोपताना काय घेते?"

"दूध. बाटलीनं."

"साखर घालून?"

"दोन चमचे. त्याशिवाय पीतच नाही."

"आणि नंतर दात घासता?"

भाची गप्प बसली. परत येताना रिक्षात तिचे डोळे भरून आले. "मावशी, मी कुठे कमी पडले गं? मागेल ते देते तिला." मला माझी पर्स आठवली.

दुधाचेच दात, पडणारच की!

आपल्याकडे बहुतेक घरांत असंच म्हणतात. पण दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मुलानं चावायचं कशानं? शिवाय या दातांवरचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत शिरते. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ आयांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजून आपण दुर्लक्ष करतो. ती मात्र जन्माची सोबतीण असते.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. गोड किती खाल्लं, त्याहीपेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे. एक लाडू जेवणाबरोबर खाल्ला तर लाळ थोड्या वेळात तोंड पूर्ववत करते. तेच दर तासाला एक बिस्किट चघळलं तर लाळेला उसंतच मिळत नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून बाटली तोंडात धरून झोपणं सर्वांत वाईट.

उपाय साधेच आहेत. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दात घासायचे. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मटारच्या दाण्याएवढी. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाच्या हातात हवा. मुलाला स्वतः घासायची हौस असेल तर आधी त्याला घासू द्या, मग आपण एकदा फिरवा.

एकाला दुसरं लागून

पण दुखणं एकट्या दाताचं नव्हतं. त्या दिवशी दुपारी छकुली झोपल्यावर भाची आणि मी छकुलीचा सबंध दिवस कागदावर मांडला.

संध्याकाळी साडेसहाला भाची झूलाघरातून तिला घेते. वाटेत चॉकलेट किंवा क्रीमची बिस्किटं. घरी आल्यावर भाचीला स्वयंपाक करायचा असतो, म्हणून छकुलीच्या हातात मोबाइल. आठ वाजता पोट बिस्किटांनी भरलेलं, म्हणून जेवण नको. चार घास भरवायचे तर पुन्हा मोबाइल समोर हवा. जेवली नाही म्हणून निदान दूध तरी पिऊ दे, तेही साखरेचं. झोपायला साडेअकरा. सकाळी पावणेसातला ओढून उठवायचं, रडारड, कसाबसा अर्धा कप दूध, आणि साडेसातला शाळेची व्हॅन. झूलाघरात दुपारी दोन तास झोप धरली तरी दिवसाची एकूण झोप होते सव्वानऊ तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण आहे तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दुपारची झोप धरून १० ते १३ तास.

कागद बघून भाची म्हणाली, "मावशी, यातलं एकही मी वाईट हेतूनं करत नाही."

खरंच होतं ते. प्रत्येक गोष्टीमागे माया होती, घाई होती आणि थोडी अपराधीपणाची भावना. पण सुरुवात कुठून होते ते आम्हा दोघींनाही दिसलं. साडेसहाच्या त्या चॉकलेटापासून.

पहिली वीस मिनिटं

मी माझ्या मुलाच्या वेळी जे केलं तेच भाचीला सुचवलं. खाऊ बंद करायचा नाही, बदलायचा. आणि घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं दुसरं काहीही करायचं नाही.

भाची उसळलीच. "तुला बोलायला सोपं आहे. घरी आल्यावर मी कणीक मळू की तिच्याशी खेळत बसू?"

मी म्हटलं, "कणीक वीस मिनिटांनी मळलीस तर बिघडेल का? डाळ-तांदूळ मी आत्ता धुऊन ठेवते. पंधरा दिवस करून तर बघ."

दुसऱ्या दिवसापासून तिनं झूलाघराच्या दारात केळ न्यायला सुरुवात केली. कधी शेंगदाणे-गूळ, कधी घरचा नाचणीचा लाडू. पहिल्या दिवशी छकुलीनं केळं रस्त्यात फेकलं. दुसऱ्या दिवशी बॅगेतून चॉकलेट निघेना म्हणून फाटकातच बसकण मारली. तिसऱ्या दिवशी भाचीच मऊ पडली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली. मी काही बोलले नाही. आठवडाभरानं मात्र छकुली केळं सोलून घेऊ लागली.

घरी आल्यावर भाची चपला काढून सरळ जमिनीवर बसायची. मोबाइल पर्समध्ये, पर्स कपाटात. खेळायचं काय? काहीही. कधी छकुली डॉक्टर व्हायची, कधी दोघी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या. वीस मिनिटं पोटभर आई मिळाल्यावर छकुली आपोआप स्वयंपाकघरात येऊन शेजारी बसू लागली. तिला मटार सोलायला दिले, कणकेचा गोळा दिला. मोबाइल मागायची, पण पूर्वीसारखा हट्ट नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये. आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं तेवढं चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

एकत्र जेवण

आमच्याकडे डोंबिवलीला पोळ्या करायला एक मावशी येतात. चार घरची कामं, नवरा रात्रपाळीचा वॉचमन. नोकरी करणारी आई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑफिसातलीच बाई येते, पण या मावशीही नोकरी करणारी आईच की. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "तुम्ही मुलांना वेळ कधी देता?" त्या म्हणाल्या, "रात्री आठला, ताई. हे कामावर जायच्या आधी आम्ही चौघं एकत्र भाकरी खातो. तेवढाच वेळ सगळे जमतो. तेव्हा पोरं आपणहून बोलतात, विचारावं लागत नाही."

हे मी इंदूरला सांगितलं. जावईबापू सव्वासातच्या बसनं आले तरी पुढे फोन आणि बातम्यांत गुंतायचे. त्यांना म्हटलं, आठ वाजता तिघांनी एकत्र जेवायचं, टीव्ही आणि फोन बंद ठेवून. वेगळं काही करायचं नाही. वरण-भात, पोळी, भाजी, त्यावर लिंबू. छकुलीच्या ताटात तेच, फक्त तिखट कमी. भरवायचं नाही, तिनं आपल्या हातानं खायचं. सांडलं तर सांडू दे.

लिंबू मी मुद्दाम सांगितलं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. खाऊन-पिऊन सुखी घरांतली मुलंही त्यात आहेत. आपल्याला वाटतं, जेवला नाही तरी दूध तर प्यायला. पण दुधात लोह नाहीसारखंच असतं आणि दुधानं पोट भरलं की मूल जेवत नाही. या वयाला दिवसभरात दोन कप दूध पुरे. पालेभाजी, बाजरी, डाळी, हिरवे मूग, मटकी आणि त्याबरोबर लिंबू किंवा आवळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा मुलांना देऊच नये. त्यानं लोह शोषलं जात नाही.

आता त्या जेवणात काय घडलं ते ऐका.

सहाव्या-सातव्या दिवशी आम्ही जेवत होतो. जावई सहज सांगत होते, की कारखान्यातल्या लिफ्टचं दार अडकलं आणि ते पाच मिनिटं आत कोंडले गेले. छकुली भात चिवडत म्हणाली, "मी पण अडकले होते. झूलाघरच्या बाथरूममध्ये. कडी निघत नव्हती. आता मी तिकडे जातच नाही."

"जात नाहीस म्हणजे?" भाचीनं विचारलं.

"पाणी नाही प्यायलं की शू येत नाही."

आम्ही तिघंही थिजलो. गेल्या सहा महिन्यांत छकुलीला दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला होता, औषधं झाली होती. "पाणी पी, पाणी पी" म्हणून सगळे तिच्यावर ओरडत होते. ती पाण्याची बाटली रोज भरलेली परत आणते म्हणून रागावत होते. आणि ते चिमुकलं पोर दुपारी बारापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत, भीतीपोटी, लघवी दाबून बसत होतं. लघवी तुंबवली की जंतुसंसर्ग व्हायला वाव मिळतो, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. पण ती तुंबवते का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी भाची झूलाघरात जाऊन बोलली, भांडली नाही. तिथल्या बाईंनाही वाईट वाटलं. त्यांनी कडी काढून टाकली आणि दर दोन तासांनी मुलांना बरोबर घेऊन जायचं ठरवलं. भाचीनं आणखी एक विनंती केली. दुपारी छकुलीला एकच तास झोपू द्यायचं. दुपारी उशिरापर्यंत लोळलेलं मूल रात्री लवकर कसं झोपणार?

साडेनऊला दिवा बंद

बाटली सोडवणं सर्वांत जड गेलं. पहिले तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. छकुलीच्या आजींचा फोन आला, "एवढंसं पोर, त्याचं दूध तोडलंत?" भाची रडवेली झाली. पण दूध तोडलं नव्हतं. ते संध्याकाळी जेवणाआधी, कपातून द्यायला लागलो होतो. साखर रोज थोडी थोडी कमी केली, पंधराव्या दिवशी पाव चमच्यावर आली. जेवणानंतर दात घासायचे, त्यानंतर फक्त पाणी. मग एक गोष्ट. रोज नवी लागत नाही. मुलांना तीच ती गोष्ट हवी असते. साडेनऊला दिवा बंद. अंधारात भाची दहा मिनिटं शेजारी पडून राहायची. हळूहळू छकुली झोपेत जाता जाता दिवसाचं काहीबाही सांगू लागली.

साडेनऊ ते पावणेसात म्हणजे सव्वानऊ तास आणि दुपारचा एक, अशी झोप दहा तासांच्या वर गेली. सकाळची रडारड आपोआप कमी झाली.

सकाळ बाबांची

भाची हे सगळं करते आहे आणि जावई नुसते बघताहेत, असं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. एकटी आई किती दिवस पुरणार? चौथ्या दिवशी मी स्पष्टच विचारलं, "जावईबापू, तुमच्या वाट्याला काय?"

ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगा. संध्याकाळचा माझा भरवसा नाही, पण सकाळी आठपर्यंत मी घरीच असतो."

तेव्हापासून सकाळ त्यांची. छकुलीला उठवणं, दात घासणं, अंघोळ, नाश्ता आणि व्हॅनपर्यंत सोडणं. पहिल्या दिवशी वेण्यांचा भांग वाकडा निघाला, युनिफॉर्मची बटणं वरखाली लागली. भाची सुधारायला धावली तेव्हा मी तिचा हात धरला. बाबांच्या हातचे वाकडे भांग मुलीला चालतात, आपल्यालाच चालत नाहीत. कपडे, दप्तर, डबा ही तयारी रात्रीच करून ठेवली की सकाळी बाप-लेकीला गप्पांना दहा मिनिटं मिळतात.

आणखी एक गोष्ट नोकरदार आयांनी माहीत करून घ्यावी. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करायची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता आलं पाहिजे. आपल्या कचेरीत ही सोय आहे का, हे चार जणींनी मिळून विचारायला काय हरकत आहे?

मी निघाले त्या दिवशी भाची मला सोडायला स्टेशनवर आली होती. म्हणाली, "मावशी, तू गेल्यावर पुन्हा पूर्वीसारखं झालं तर?"

मी म्हटलं, "होईल कधी कधी. महिनाअखेरीला बँकेत उशीर होईल, तू दमशील, पुडा घेऊन जाशील. एका दिवसानं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं घेऊन जा."

परवाच तिचा फोन आला. छकुलीच्या चार दाढा भरून झाल्या आहेत. ज्या दाढेत पू झाला होता ती मात्र काढावीच लागली. उरलेल्या एका दातावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. पाण्याची बाटली रिकामी परत येते आहे. लघवीचा त्रास पुन्हा झालेला नाही. आठचं जेवण आठवड्यातून चार दिवस जमतं, तीन दिवस जमत नाही. आणि एक गंमत सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला. त्या दिवशी तिला उशीर झाला होता, वाटेत काही घ्यायला जमलं नव्हतं. झूलाघराच्या दारात ती हात रिकामे करून दाखवत म्हणाली, "आज खाऊ नाही गं." छकुली तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "घरी चल ना, मला तुला काहीतरी सांगायचंय."

तुमच्या घरची संध्याकाळ कशी असते? तुम्ही आल्यावर मूल आधी कुठे बघतं, तोंडाकडे की पिशवीकडे? एकदा पाहून ठेवा, आणि जमलं तर मला जरूर कळवा.